चाकाला हात कोणी लावला

जबाब देणारीचे नाव : ओळखपत्राची प्रत जोडली आहे, त्यावर ठळक अक्षरांत आहे. गेल्या आठ दिवसांत हे नाव इतक्या जणांनी इतक्या वेळा विचारले आहे की आणखी एकदा सांगण्याची इच्छा नाही.
वय : ६७ वर्षे.
धंदा : निवृत्त. पूर्वी कारखान्याच्या फाटकावर टाइमकीपर, एकतीस वर्षे.
राहणार : पाण्याच्या टाकीमागची वसाहत, दुसरा मजला, जिन्यासमोरचे दार.
तक्रारदाराशी नाते : आई.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर मुलगा व सून यांच्यासह राहते. मुलगा पाणीपुरवठा खात्यात चावीवाला आहे. म्हणजे रस्त्याखालच्या मोठ्या नळाला लांब लोखंडी चावी लावून तो आमच्या भागाचे पाणी सोडतो आणि बंद करतो. सकाळी सहा आणि संध्याकाळी पाच या पाणी सोडायच्या वेळा आहेत. एकोणीस वर्षांत त्याने पाणी एकदाही उशिरा सोडले नव्हते, हे मी आई म्हणून नव्हे, टाइमकीपर म्हणून सांगते.

याच मुलाने मागच्या शुक्रवारी या ठाण्यात तक्रार दिली आहे की, रुग्णालयातल्या सिस्टरांनी निष्काळजीपणे मला रक्त भरभर चढवले, त्यामुळे माझा जीव जाता जाता वाचला. यातले, जीव जाता जाता वाचला, एवढे खरे आहे. तक्रारीवरून त्या सिस्टरांना कामावरून बाजूला केले आहे. उद्या रुग्णालयात चौकशी आहे आणि त्यांची नोकरी राहणार की जाणार ते तिथे ठरणार आहे. मला इथे मुलानेच स्कूटरवरून आणले. तो बाहेर बाकावर बसला आहे. त्याच्या समजुतीप्रमाणे मी त्याच्या तक्रारीला दुजोरा द्यायला आले आहे.

हवालदारसाहेबांनी पहिलाच प्रश्न विचारला, "आजी, तुम्ही त्या वेळी झोपला होतात ना? तुमच्या मुलाने तसं लिहून दिलंय." मी सांगते की, मी झोपले नव्हते, मी डोळे मिटले होते. या दोन गोष्टींत फरक आहे, पण आमच्या घरात तो अजून कोणाच्या लक्षात आलेला नाही.

दोन महिन्यांपासून मला जिना चढताना दम लागत होता. घरी त्याला वय म्हणत. मागच्या मंगळवारी मी जिन्यातच बसकण मारली, तेव्हा त्याला आजार म्हणू लागले. रुग्णालयात तपासले तर अंगात रक्त फारच कमी निघाले. डॉक्टरांनी हृदयही थकल्याचे सांगितले. एकतीस वर्षे लोकांच्या सबबी ऐकलेले हृदय आहे, थकणारच. वजन एक्केचाळीस किलो भरले.

रक्ताच्या बदल्यात रक्त द्यावे लागेल असे कळल्यावर मुलाने स्वतः दिले आणि कामावरच्या एकालाही धरून आणले. मग डॉक्टरांना म्हणाला, "आम्ही दोन पिशव्या दिल्यात साहेब. दोन्ही एकदमच चढवून टाका, म्हणजे आई उद्या घरी." डॉक्टर म्हणाले, "आधी एकच देऊ, तीही सावकाश. आजींचं हृदय थकलेलं आहे. एकदम जास्त आत गेलं तर ते पेलायचं नाही, फुप्फुसात पाणी साठेल. एक झाली की तपासू, लागली तर दुसरी." मुलाने मान डोलावली. मान डोलावणे म्हणजे ऐकणे नव्हे, हे डॉक्टरांना माहीत नसावे. ते तरुण आहेत.

गुरुवारी दुपारी दोन वाजून पाच मिनिटांनी पिशवी वॉर्डात आली. घड्याळ माझ्या पलंगासमोरच्या भिंतीवर होते आणि बरोबर चालत होते. ते मी मुलाच्या मोबाइलशी आदल्या दिवशीच ताडून घेतले होते, सवय जात नाही. ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्या सिस्टर आणि दुसऱ्या एक सिस्टर अशा दोघी आल्या. एकीने पिशवीवरचा नंबर वाचला, दुसरीने कागदावरचा. मग रक्तगट, मग पिशवीची मुदत, मग माझ्या मनगटावरची पट्टी. मग मला म्हणाल्या, "आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा. जन्मतारीख सांगा."

मी म्हणाले, "अहो, सकाळी नमुना घेताना सांगितलं की. जेवणानंतर काही बदललेलं नाही." त्यावर सिस्टर म्हणाल्या, "बदललं नसेल, पण मला ते तुमच्याच तोंडून ऐकायचंय. तुम्ही अमुकच ना, असं विचारलं की आजारी माणूस कशालाही हो म्हणतो. एकाचं रक्त दुसऱ्याला गेलं तर मग काही हातात राहत नाही." मी निमूटपणे नाव सांगितले. मीही फाटकावर हेच करत होते. तिथे एकाचे कार्ड दुसऱ्याने पंच केले तर फक्त कारखान्याचे नुकसान होई, तरी मी आरडाओरडा करत असे.

पूर्वी कधी रक्त चढवले होते का, तेव्हा काही त्रास झाला का, हेही त्यांनी विचारले. मी सांगितले की, याच मुलाच्या बाळंतपणात एक बाटली लागली होती आणि अंगभर पित्त उठले होते. ते त्यांनी लिहून घेतले आणि डॉक्टरांना दाखवून आल्या. त्या बाटलीच्या वेळी मुलगा दोन तासांचा होता, त्यामुळे त्याने कशाला हात लावला नाही.

दोन वीसला रक्त सुरू झाले. पिशवीच्या नळीवर मध्ये एक लहान चाक असते. ते अंगठ्याने वर सरकवले की थेंब जास्त पडतात, खाली सरकवले की कमी. सिस्टरांनी ते अगदी हळू लावले आणि स्टूल ओढून माझ्याजवळ बसल्या. पहिली पंधरा मिनिटे रुग्णाला सोडून जायचे नसते, घात व्हायचा असेल तर बहुधा तेव्हाच कळते, असे म्हणाल्या. थंडी वाजते का, खाज येते का, कंबर दुखते का, छातीत कसे वाटते, असे विचारत राहिल्या. माझी एवढी विचारपूस लग्न झाल्यापासून कोणी केलेली नाही.

दोन पस्तीसला त्यांनी नाडी, रक्तदाब, ताप आणि श्वास मोजून लिहिले. मग मुलाला म्हणाल्या, "दादा, सहा वाजतील संपायला. दर अर्ध्या तासाने मी येऊन बघणार. या चाकाला कुणी हात लावायचा नाही. आजींना जरा जरी काही वाटलं तर बेल दाबा." भिंतीवर तशी पाटीही होती. पाटी वाचता येणारी दोन माणसे त्या वेळी तिथे हजर होती, एक मी आणि एक मुलगा.

सहा हा आकडा ऐकून मुलाच्या कपाळाला आठ्या पडल्या, कारण पाणी पाचला सोडायचे असते. त्याने कामावर फोन करून बदली माणूस मागितला. बदली माणूस रजेवर होता. मी त्याला म्हणाले, "तू जा. मी काय पळून जाते का?" तो म्हणाला, "तुला एकटीला टाकून जाऊ? काहीतरीच बोलतेस." तीनपासून त्यालाच फोन यायला लागले. वसाहतीतल्या एका बाईंनी विचारले, आईची तब्येत कशी आहे आणि पाणी वेळेवर येणार ना. दुसऱ्या गृहस्थांनी तब्येतीचा भाग गाळला.

तीन पाचला सिस्टर येऊन पुन्हा सगळे मोजून गेल्या, ठीक होते. तीन अठराला दाराजवळच्या पलंगावरच्या बाईंना उलट्या सुरू झाल्या म्हणून त्या तिकडे धावल्या. तक्रारीत लिहिले आहे की, सिस्टर त्या वेळी फोनवर गप्पा मारत होत्या. सिस्टरांच्या एका हातात तसराळे होते आणि दुसऱ्या हातात त्या बाईंचे डोके. त्या वेळी वॉर्डात फोन एकाच माणसाच्या कानाला होता आणि त्या माणसाने तक्रारीवर सही केलेली आहे.

तीन वीसला मुलगा फोन खिशात घालून उठला. पिशवीकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. माझे डोळे मिटलेले होते, पण पापण्यांच्या फटीतून दिसत होते. तो थेंब मोजत असावा, ओठ हलत होते. मग स्वतःशीच म्हणाला, "असं थेंब थेंब सोडत बसले तर झालंच." आणि त्याने अंगठ्याने चाक वर सरकवले, अर्धे.

हवालदारसाहेब म्हणाले की, सिस्टरांच्या सांगण्याप्रमाणे चाक पूर्ण उघडे सापडले, आणि तक्रारीतही पूर्ण उघडे असेच आहे. मी सांगते की, मला अर्धेच दिसले. सदुसष्ट वर्षांच्या बाईला पापणीच्या फटीतून जेवढे दिसायचे तेवढेच दिसते. हवालदारसाहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि अर्धे असे लिहिले.

हे दिसत असताना मी त्याला अडवले का नाही, असे विचारले. मी सांगते की, मला वाटले, चाकातले त्याला कळते. अख्ख्या वसाहतीला पाणी सोडणारा माणूस आहे, आईला चमचाभर रक्त जास्त सोडले तर काय बिघडणार. खरे सांगायचे तर मला जरा कौतुकच वाटले. डॉक्टरांचे मी ऐकले होते, सिस्टरांचे ऐकले होते, पाटी दोनदा वाचली होती, आणि हे सगळे करून मी गप्प पडून राहिले. फाटकावर असते तर अशा बाईचा अर्धा दिवस कापला असता.

तीन पस्तीसला सिस्टरांची फेरी होती. ती चुकली, हेही लिहावे, उशीर तो उशीर. मात्र त्या वॉर्डात बत्तीस पलंग आणि दोन सिस्टर आहेत, हेही त्याच ओळीत लिहावे.

तीन चाळीसला मला खोकल्याची उबळ आली. छातीवर कोणी पोते ठेवावे तसे झाले. आडवे राहवेना, उठून बसता येईना. हाक मारायला गेले तर आवाज फुटेना. मुलगा खिडकीशी पाठमोरा उभा राहून कोणाला तरी सांगत होता की, पाणी वेळेवर येईल, काळजी करू नका. बेल मी दाबली. तीन बेचाळीसला सिस्टर पोचल्या. त्यांनी सर्वांत आधी चाक बंद केले. मग मला उठवून बसवले, पाय पलंगाखाली सोडले, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावला आणि डॉक्टरांना बोलावले. डॉक्टरांनी अंगातले जादा पाणी काढायचे इंजेक्शन दिले. चार तास पुरायची पिशवी तोवर रिकामी होत आली होती.

पुढच्या दीड तासाचा तपशील मी टाइमकीपर असूनही देऊ शकत नाही. घड्याळ समोरच होते, पण ते बघायलाही श्वास लागतो. मला आठवते ते एवढेच, की सिस्टर माझ्या पाठीवर हात ठेवून, "आजी, माझ्याबरोबर श्वास घ्या, सोडा, पुन्हा घ्या," असे म्हणत होत्या आणि मी बुडाले नाही ते त्या आवाजाला धरून. मुलगा भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या तोंडचे पाणी पळाले होते. पाच वाजून गेले, फोन वाजत राहिला, त्याने घेतला नाही. त्या दिवशी वसाहतीला पाणी सव्वासातला आले.

माझा श्वास जरा जागेवर आल्यावर सिस्टरांनी डॉक्टरांसमोर विचारले, "चाकाला हात कोणी लावला?" मुलाने खिशातला फोन काढून पुन्हा आत ठेवला. त्यांनी पुन्हा विचारले. तेव्हा तो म्हणाला, "आम्ही कशाला लावू? तुम्हीच उघडं टाकून गेलात." हे ऐकताना माझ्या तोंडावर मास्क होता, त्यामुळे मला बोलता आले नाही. मास्क त्याच दिवशी आठ वाजता काढला. आज बुधवार आहे.

शनिवारी सिस्टरांना बाजूला केले. त्याशिवाय रुग्णालयाने बरेच कडक उपाय योजले. भिंतीवरची पाटी काढून तिच्या दुप्पट मोठी पाटी लावली. पाटी वाचली असे नातेवाइकाने लिहून द्यायचा एक कागदही छापला. रविवारी समोरच्या पलंगावरच्या बाईंना रक्त लावले, तेव्हा नवीन सिस्टर चाक लावून, कागदावर सही घेऊन पुढच्या कामाला गेल्या. पंधरा मिनिटे बसायचे स्टूल माझ्या पलंगाशेजारी रिकामे होते. मी त्या बाईंकडे बघत राहिले, खोकला येतो का म्हणून. नशिबाने त्यांना काही झाले नाही, आणि कागद तर व्यवस्थित भरलेला होताच.

सोमवारी मला घरी सोडताना इनचार्ज सिस्टर आल्या. म्हणाल्या, "चौदा वर्षं झाली तिला इथे. गुरुवारी चौकशी आहे. तुम्हाला मी काही विचारत नाही, आजी. तुम्ही झोपला होतात, असं तुमचा मुलगा म्हणाला." एवढे बोलून त्यांनी माझी पिशवी उचलून दारापर्यंत आणून दिली. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरे वाटले असते.

घरी मुलगा म्हणाला, "आई, पोलीस विचारतील. झोपले होते, एवढंच सांग. माझी नोकरी खात्याची आहे, उगाच लचांड नको मागे." सूनबाई म्हणाल्या, "त्या सिस्टरला काय, मिळेल दुसरीकडे कुठेतरी." सूनबाईंचे मन मोठे आहे, दुसऱ्याच्या नोकरीच्या बाबतीत तर फारच.

मुलाने घरी आणल्यापासून माझी सेवा केली, हे नाकारत नाही. औषधे मिनिटावर देतो. डॉक्टरांनी आता पाणीसुद्धा बेताने प्यायला सांगितले आहे, तर तो भांड्यावर खूण करून घोट घोट मोजून देतो. एवढा मोजून देणारा माणूस गुरुवारी तीन वीसला कुठे गेला होता, असे माझ्या अगदी ओठांवर येते. तो सगळे करतो, पण माझ्या डोळ्याला डोळा देत नाही. मीही देत नाही. एका खोलीत दोघे जण दोन दिवस भिंतीशी बोलत आहोत.

हे घरीच त्याच्या तोंडावर का सांगितले नाही, असे हवालदारसाहेबांनी विचारले. मी सांगते की, तीन वेळा सुरुवात केली. तिन्ही वेळा, चहा कर, असे बोलून गप्प बसले. फाटकावर मी हजारो माणसांना तोंडावर सांगितले आहे, तुझी चूक आहे, सही कर. त्यातला एकही माझ्या पोटचा नव्हता. म्हणून हे सरकारी कागदावर सांगत आहे.

माझी सिस्टरांविरुद्ध कोणतीही तक्रार नाही. मी आज इथे बसून बोलते आहे ती त्यांच्यामुळे. मुलाविरुद्ध माझे जे काही म्हणणे आहे ते या ठाण्याच्या हद्दीत येत नाही. त्याने हे माझ्या वाईटासाठी केले नाही. त्याला आईलाही सोडायचे नव्हते आणि पाणीही सोडायचे होते, आणि दोन्ही करायच्या घाईत आईच्या जिवावर बेतले. तक्रारीतले खोटे मात्र त्याने घाईत सांगितले नाही, रात्रभर विचार करून इथे येऊन सांगितले. त्याचा मला राग आहे. हवालदारसाहेब म्हणाले, राग वगैरे जबाबात लिहीत नाहीत. मी म्हणाले, मग मी सही करत नाही. तेव्हा त्यांनी लिहिले.

माझ्याविरुद्ध काही नोंदवता येत असेल तर तेही नोंदवावे. मी पाहिले आणि अडवले नाही. मग एका बाईची नोकरी जायची वेळ आली तरी सहा दिवस तोंडाला कुलूप लावून बसले. या जबाबाची प्रत उद्याच्या चौकशीपूर्वी रुग्णालयाला पोचावी, एवढी विनंती आहे. उद्या सकाळी अकराची वेळ आहे. ती चुकू नये.

लिहून झाल्यावर जबाब वाचून दाखवण्यापूर्वी मी खोलीचे दार उघडायला आणि मोठ्याने वाचायला सांगितले. हवालदारसाहेब म्हणाले, "आजी, तुम्हाला तर चांगलं ऐकू येतं." मी म्हणाले, "मला येतं." त्यांनी स्वतः उठून दार उघडले आणि मोठ्याने वाचले. सिस्टरांच्या हातातल्या तसराळ्यापर्यंत वाचन आले तेव्हा मुलगा बाकावरून उठून दारात येऊन उभा राहिला. त्याला कोणी आत बोलावले नाही आणि जा असेही म्हटले नाही. तो शेवटपर्यंत तिथेच उभा होता. वाचून संपल्यावर हवालदारसाहेबांनी मला विचारले, लिहिले आहे ते बरोबर आहे का. मी हो म्हणणार, तोच मुलगा माझ्याकडे बघून म्हणाला, "अर्धं नाही आई. पूर्ण उघडलं होतं."

सबब, चाक किती उघडले त्या ठिकाणचा "अर्धे" हा शब्द खोडून "पूर्ण" असा केला असून, खोडलेल्या जागी माझी व माझ्या मुलाची, अशा दोघांच्या सह्या आहेत. उरलेला जबाब मी सांगितला तसाच उतरला आहे. तो आम्हा दोघांना ऐकू आला व बरोबर आहे.